एशियन पेअर लावताय? आधी फायर ब्लाइटचे विचारा, मग गोडीचे

न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनियात राहणाऱ्या मराठी मंडळींच्या परसबागेत एशियन पेअरची (गोल, कुरकुरीत आशियाई नाशपाती) उघड्या मुळांची रोपे लावायचे हे दिवस. बहुतेकजण चव ऐकून होसुई किंवा ट्वेंटिएथ सेंच्युरी, म्हणजेच निजिसेइकी, मागवतात. दोन्ही फळे उत्तम, पण फायर ब्लाइट या जिवाणूजन्य रोगाला दोन्ही बळी पडतात. एप्रिलात झाड फुलोऱ्यात असताना १८ ते ३० अंश सेल्सिअस तापमान आणि पाऊस किंवा जड दव जुळून आले की जिवाणू फुलातून शिरतो. शेंडा काळा पडून आकड्यासारखा वाकतो, वाळलेली पाने गळत नाहीत. तिथेच कापले नाही तर रोग खोडात उतरतो आणि तरुण झाड हातचे जाते.

म्हणून या दमट भागात पहिले झाड या रोगाला टिकणाऱ्या शिन्को जातीचे. सोबत कोरियन जायंट लावा. परागीकरणासाठी दुसरी जात हवीच. निटाका त्या कामाची नाही, तिचे पराग वांझ असतात.

नुसते ‘एशियन पेअर’ लिहिलेले रोप घेऊ नका. लेबलवर जात आणि खुंट (ज्या मुळाच्या झाडावर कलम बांधले ते) दोन्ही हवेत. ओएचएक्सएफ ८७ किंवा ९७ हे खुंट रोगाला टिकतात. शिन्कोचे फळ तपकिरी, खरखरीत सालीचे असते. पहिले फळ गुळगुळीत, पिवळे आले तर रोप दुसरेच आहे. एका झाडावर चार जातींची महागडी कलमे तर नकोतच: एका नाजूक फांदीतला रोग बाकीच्या तिन्हींत जातो.

लागवड:
- कलमाचा सांधा मातीच्या वर
- अंतर १२ ते १५ फूट
- शेंडा ७५ ते ९० सेंमीवर छाटा
- खड्ड्यात खत नाही
- पुढे दर झुबक्यात एकच फळ

दुकानदार देईल ते टॉनिक आणि नत्र टाळा. लुसलुशीत फूट हेच फायर ब्लाइटचे खाद्य. सखल जागी, जिथे दव उशिरापर्यंत सुकत नाही, तिथल्या झाडाला रोग आधी लागतो असा आमचा अंदाज आहे. उंचवट्याची, वाऱ्याची जागा निवडा. स्ट्रेप्टोमायसिन या प्रतिजैविकाची फवारणी १०० पीपीएम (दहा लाख भागांत १००) प्रमाणात फक्त फुलोऱ्यात, पावसाचा अंदाज असेल तरच. शेंडे काळे पडल्यावर फवारणीचे पैसे वाया. तेव्हा कोरड्या दिवशी, काळ्या भागाच्या २० ते ३० सेंमी खाली कापा, प्रत्येक कापानंतर कात्री ७० टक्के अल्कोहोलने पुसा आणि फांद्या बागेबाहेर टाका.

मित्राकडून कलमकाडी घ्यायची तर आत्ताच, कळ्या झोपेत असताना. त्याच्या झाडावर खोलगट काळा व्रण दिसला तर एकही काडी आणू नका.