बाळाच्या पोटात काम चालू आहे, मधे मधे करू नका: या चुका टाळा

नेरुळला मेडिकलच्या काउंटरवर दिवसभर उभं राहिलं की तान्ह्या बाळाच्या पोटासाठी लोक काय काय मागतात ते पाठ होतं, ग्राइप वॉटर, गुटीचा डबा, "ते चांगल्या जंतूंचे ड्रॉप्स आहेत का", आणि मोबाईलवर मोठ्या मुलाच्या जुन्या प्रिस्क्रिप्शनचा फोटो दाखवून अँटिबायोटिक सिरप. प्रत्येकाला काहीतरी द्यायचंच असतं. आणि बऱ्याचदा घोळ तिथेच होतो.

जन्मलेल्या बाळाचं आतडं पूर्ण तयार नसतं, ते घडत असतं, आणि त्या कामात जंतूंचा हात असतो. २००२ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी जन्मापासून एकही जंतू नसलेले उंदीर तपासले तर त्यांच्या आतड्यातलं बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं अर्धवटच राहिलेलं, मग त्या मोठ्या उंदरांना जंतू दिल्यावर अडलेलं काम १० दिवसांत पूर्ण झालं. दोन वर्षांनी दुसऱ्या प्रयोगात दिसलं की औषधांनी जंतू मारलेल्या उंदरांच्या आतड्याला इजा झाली तर ती नीट भरून येत नाही. उंदीर म्हणजे बाळ नाही हे मान्य, पण आपल्याही आतड्याचं अस्तर दर ३ ते ५ दिवसांनी नवं होतं, आणि जंतू जे ब्युटिरेट नावाचं आम्ल बनवतात त्यावरच मुख्यतः मोठ्या आतड्याच्या पेशी जगतात.

आता चुका. पहिली म्हणजे चीक पिळून टाकणं आणि मधाचं बोट चाटवणं, हे अजून चालतं हो, घोडबंदरच्या टॉवरमध्येपण चालतं. आईच्या दुधात अशा काही साखरा असतात ज्या बाळाला पचतच नाहीत, त्या पोटातल्या बायफिडोबॅक्टेरिया या चांगल्या जंतूंसाठी असतात, म्हणजे दुधातून जंतूंचंही जेवण येतं. मधात बॉटुलिझम या गंभीर आजाराचे बीजाणू असू शकतात म्हणून वर्षाच्या आत मध नाहीच. गुटी, पाणी, ग्राइप वॉटर, पहिले ६ महिने काही नको. आजी रागावतील, त्यांना सांगा की सहाण कितीही धुतली तरी त्यावर टँकरचंच पाणी पडतंय.

सिझर झालं म्हणून रडत बसणं ही दुसरी. सुरुवातीला जंतू वेगळे असतात हे खरं, पण वर्षाच्या आत तो फरक बराचसा मिटतो, स्तनपान लवकर सुरू करा आणि ती चिंता सोडून द्या.

तिसरी चूक माझ्या काउंटरवरची. सर्दी-ताप बहुतेक वेळा व्हायरसचा असतो, अँटिबायोटिक व्हायरसला काही करत नाही, पोटातले कामाचे जंतू मात्र मारतं. त्यात पाणी घालून हलवून बनवलेलं सिरप फ्रीजच्या दारात पडलेलं असतं आणि पुढच्या महिन्यात पुन्हा ५ एमएल दिलं जातं, अहो त्या बाटलीवर लिहिलेलं असतं की पाणी घातल्यावर किती दिवस चालेल, बऱ्याच सिरपना ७ दिवसच. उरलं की टाका. पण डॉक्टरांनी तपासून दिलं असेल तर मधेच बंद करू नका, तेव्हा ते खरंच लागतं.

मग प्रोबायोटिक, म्हणजे ते चांगल्या जंतूंचे ड्रॉप्स. ओडिशाच्या खेड्यांमध्ये ४,५०० हून जास्त नवजात बाळांवर एक अभ्यास झाला, २०१७ ला छापून आला, लॅक्टोबॅसिलस प्लँटारम या जंतूची एक ठरावीक जात एका आठवड्यासाठी दिली, सोबत त्या जंतूंचं खाद्य, आणि सेप्सिस (इन्फेक्शनमुळे जीवावर बेतणारा आजार) व मृत्यू मिळून सुमारे ४० टक्क्यांनी घटले. भारी आहे. पण ती किमान २ किलो वजनाची बाळं होती आणि जंतूंची जात ती ठरावीकच होती, म्हणून शेल्फवरची कुठलीही बाटली तेच करेल असं नाही. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको, काहींना त्याच जंतूंचं इन्फेक्शन रक्तात झालंय.

आणि सगळ्यात मोठी, जुलाब लागले की दूध बंद. "पोटाला आराम द्या" म्हणतात, उलट आतड्याची डागडुजी अन्नावरच होते. अंगावरचं चालूच ठेवा, ६ महिन्यांवरच्या बाळाला मऊ वरणभात, दहीभात. पावडरचं दूध पिणाऱ्याला जुलाबानंतर आंबट वासाची, फसफसणारी शी होत राहिली तर दुधातली साखर पचवणारं अस्तर सोललेलं असतं, सहसा काही दिवसांत भरून येतं, दूध बदलायचं की नाही ते डॉक्टर ठरवतील. ओआरएसचं मोठं पाकीट असेल तर पूर्ण १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, अर्धं अर्धं करून नाही, आणि टेट्रापॅकमधलं गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. झिंक डॉक्टर सहसा १४ दिवसांसाठी लिहितात, शी घट्ट झाली की लोक तिसऱ्या दिवशी बंद करतात, ते करू नका.

शीमध्ये रक्त, टाळू खोल गेलेली, ६-८ तास लघवी नाही किंवा बाळ सुस्त पडलंय, तर माझ्याकडे येऊ नका. थेट हॉस्पिटल.