पोराच्या ऑपरेशनसाठी मॅचच्या गर्दीतून पैसे उभे करायचे, तर…

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि प्रॅक्टिस क्लबची फुटबॉल मॅच असली की शिवाजी पेठ, मंगळवार पेठ दुपारीच रिकामी होते. पेठेतल्या एका पोराच्या हृदयाला छिद्र आहे आणि ऑपरेशनला पैसे कमी पडताहेत, एवढं त्या गर्दीला कळलं तर खिशात हात घालताना कुणी मागंपुढं बघत नाही. कोल्हापुरात पैसे जमतात. ते वेळेत, पुरते आणि कुणाच्या मनात शंका न ठेवता हॉस्पिटलपर्यंत पोचवणं हेच खरं काम आहे.

म्हणून पहिल्या दिवशी डबा फिरवू नका. आधी हॉस्पिटलकडून सही-शिक्क्याचं खर्चाचं एस्टिमेट घ्या. ऑपरेशन, आयसीयूचे दिवस, औषधं, रक्त आणि काही उपकरण बसवायचं असेल तर त्याची किंमत, हे सगळं वेगवेगळं लिहून मागा. ऑपरेशन कधीपर्यंत व्हायला हवं, हेही डॉक्टरांकडून लेखी घ्या. आई-वडिलांच्या राहण्या-जेवणाचा आणि पुढच्या तपासण्यांचा खर्च एस्टिमेटमध्ये नसतो, तो आपण धरायचा.

मग सरकारी योजना बघा. ही पायरी गाळू नका, असं मी हात जोडून सांगतो. आमच्या गल्लीतल्या एका मुलीसाठी आम्ही दोन दिवसांत वर्गणी काढून पैसे भरून मोकळे झालो. नंतर कळलं, तिचं ऑपरेशन योजनेत बसत होतं. चूक आमचीच, आम्ही विचारलंच नव्हतं. तोच पैसा तिच्या पुढच्या औषधांना किती उपयोगी पडला असता!

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण फक्त योजनेत असलेल्या हॉस्पिटलमध्ये आणि ठरलेल्या आजारांसाठी. अशा हॉस्पिटलात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन अ‍ॅडमिट होण्याआधीच त्याला भेटा. हेल्पलाइनचा नंबर १५५३८८. पोरगं १८ वर्षांच्या आतलं असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी सीपीआर या सरकारी दवाखान्यात करा. जन्मजात हृदयविकार त्यात येतात. धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा गरिबांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला उत्पन्नाचा दाखला दाखवा. मुख्यमंत्री सहायता निधीलाही अर्ज करता येतो. एवढं करून जी रक्कम उरेल, तेवढीच लोकांकडं मागायची.

आता माणसं. पाच जणांची कमिटी पुरे, पण सगळे एकाच तालमीचे, म्हणजे एकाच फुटबॉल टीमच्या मंडळाचे, नकोत. मैदानात ज्यांच्याशी खुन्नस आहे त्या तालमीचे दोघं मुद्दाम घ्या. दोन्ही बाजूंची पोरं एकत्र डबा घेऊन आली की स्टँडमधला माणूस दोन शब्द न विचारता नोट काढतो. शिवाय हिशेबाला दोन पेठांचे डोळे लागतात. मुलाच्या घरचं एक माणूस कमिटीत हवंच.

परवानगीचं आळसावर सोडू नका. गणपतीत वर्गणीसाठी मंडळं धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१ क ची परवानगी काढतात, तोच रस्ता इथंही आहे. स्टेडियमवर गोळा करायचं तर कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनला आणि पोलिसांना लेखी अर्ज द्या.

पैसे कुठं जमा करायचे? सगळ्यात बरं म्हणजे थेट हॉस्पिटलच्या खात्यावर, मुलाचा रजिस्ट्रेशन नंबर टाकून. ते जमत नसेल तर पालक आणि कमिटीतला एक जण असं दोघांच्या सहीचं खातं उघडा आणि क्यूआर कोड त्याच खात्याचा ठेवा. कुणा कार्यकर्त्याच्या खासगी नंबरवर पैसे मागवू नका, तो कितीही सज्जन असला तरी. नंतर त्याच्यावरच बोट उठतं आणि चांगला पोरगा कायमचा मागं सरतो. इन्कम टॅक्समधली ८० जी ची सूट नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या देणगीवरच मिळते, व्यक्तीला केलेल्या मदतीवर नाही. व्यापारी हटकून विचारतात, तेव्हा खरं ते सांगा.

मेसेज छोटा लिहा: मुलाचं वय, आजार, एकूण खर्च, योजनेतून मिळालेले पैसे, उरलेली रक्कम, शेवटची तारीख. नळ्या लावलेला फोटो टाकू नका. उद्या ते पोरगं याच पेठेत मोठं होणार आहे, शाळेत जाणार आहे. फोटो लागलाच तर आई-वडिलांना विचारून, हसरा घ्या.

मॅचच्या दिवशी डबे सील केलेले हवेत, प्रत्येकावर नंबर, प्रत्येकाबरोबर दोन तालमींचे दोघं. हाफटाइमची पंधरा मिनिटंच खरी; तेव्हा स्पीकरवर एकदा घोषणा करायची आणि स्टँडच्या दोन्ही टोकांपासून मध्याकडं सरकत यायचं. मॅच संपल्यावर डबे घरी न्यायचे नाहीत. तिथंच सतरंजी टाका, मुलाच्या वडिलांना शेजारी बसवा आणि सगळ्यांसमोर फोडा. घामानं ओली झालेली दहाची नोट चार घड्या घालून टाकलेली असते, ती उलगडून सरळ करायला वेळ लागतो. लागू दे. नोटांचे गठ्ठे, चिल्लर, प्रत्येक डब्याचा वेगळा आकडा वहीत, खाली पाच सह्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेत भरणा. २ लाख किंवा त्याहून जास्त रोख हॉस्पिटलला एका बिलापोटी घेता येत नाही, त्यामुळं रोकड साठवून काही उपयोग नाही.

रक्कम मोठी असेल तर जुन्या खेळाडूंची प्रदर्शनीय मॅच आणि जर्सीचा लिलाव हा उत्तम मार्ग. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच, पण लिलावाला तेवढं मोठं नाव लागतंच असं नाही. ज्या गोलकीपरनं फायनलला पेनल्टी अडवली, त्याच्या ग्लोव्ह्जलाही पेठेत किंमत येते.

पैशाइतकीच रक्ताची यादी करा. १८ ते ६५ वयाची, ४५ किलोंच्या वर वजन असलेली माणसं, शेवटचं रक्त देऊन पुरुषांना ३ आणि महिलांना ४ महिने झालेली. नाव, रक्तगट आणि फोन नंबर ऑपरेशनच्या आठवडाभर आधी तयार हवा.

रक्कम पुरी झाली की त्याच रात्री मेसेज टाकून गोळा करणं थांबवा. उरलेल्या पैशांचं काय करायचं, हे डबा फिरवण्याआधीच ठरवून मेसेजमध्ये लिहिलेलं असावं: मुलाच्या पुढच्या औषधांना की दुसऱ्या पोराला. बिलं भरल्यावर चौकातल्या फलकावर जमा, खर्च, शिल्लक खडूनं लिहा आणि पावत्या तालमीत ठेवा, कुणीही येऊन बघू दे.

डिस्चार्जनंतर फॉलोअपच्या तारखा कागदावर लिहून देतात. प्रत्येक तारखेसमोर गाडी कोण काढणार त्याचं नाव त्याच दिवशी लिहून टाका.