बंदूक कधी काढायची, कधी नाही

रात्री दोनला दिंडोरीकडच्या मळ्यात कुत्री भुंकली की परवानाधारकाचा हात आधी कपाटाकडे जातो. तो फोनकडे जायला हवा. ११२ लावा आणि गट नंबर सांगण्यापेक्षा खूण सांगा: शाळा, डीपी, बागेचं फाटक. पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३७ नुसार स्वसंरक्षणाचा हक्कच मिळत नाही.

मग समोरचा नेमकं काय करतोय ते बघा. विहिरीवरची मोटर खोलून पळत असेल तर ओरडा, बॅटरी मारा, शेजारची वस्ती उठवा. गोळी नाही. मोटर कितीही महागाची असो, साध्या चोरीसाठी जीव घ्यायची मुभा नाही. तोच चोर कोयता घेऊन अंगावर आला तर गोष्ट वेगळी. मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची रास्त भीती, बलात्कार, अपहरण, अ‍ॅसिडहल्ला (कलम ३८), तसंच जबरी चोरी, सूर्यास्तानंतरची घरफोडी, राहत्या घराला आग (कलम ४१), इथे हल्लेखोराचा जीव गेला तरी कायदा पाठीशी असतो. मात्र इजा गरजेपुरतीच.

'नुसती दाखवायला' बंदूक काढू नका. बांधाच्या भांडणात ती दाखवली की धमकीचा गुन्हा तुमच्यावरच. गोळी झाडणं रास्त ठरेल, अशाच वेळी ती बाहेर यावी; तोवर बोट चापाच्या कड्याबाहेर, बंदुकीच्या अंगाला सरळ टेकलेलं. समोरच्या माणसाच्या मागे काय आहे तेही बघा, पत्र्याच्या भिंतीला गोळी जुमानत नाही. हवेतला बारही नको: निष्काळजीपणे झाडून कुणाचा जीव धोक्यात आणला तर शस्त्र कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

बहुतेकांचं चुकतं ते दुसऱ्या गोळीला. हल्लेखोर पाठ फिरवून पळाला की धोका संपला, आणि हक्कही. पाठीत शिरलेली गोळी शवविच्छेदनात लपत नाही, आणि स्वसंरक्षण होतं हे कोर्टात तुम्हालाच दाखवावं लागतं.

(बिबट्या अंगावर आला तर वन्यजीव कायद्याचं कलम ११ जीव वाचवणाऱ्याच्या बाजूने आहे. उसात बसलेल्यासाठी मात्र वनखात्याचा १९२६ हा नंबर लावा.)

गोळी झाडली गेलीच, तर पुन्हा ११२ लावून रुग्णवाहिका मागवा. रिकामी काडतुसं उचलू नका, बंदूक पुसू नका. पोलीस येताना ती हातात नको. सुरक्षित जागी ठेवून कुठे आहे ते सांगा, परवाना काढून ठेवा.