मैदानावर सूर्यमाला: आकार आणि अंतर एकाच मापात

भिंतीवरच्या तक्त्यात आठही ग्रह एकमेकांना खेटून बसलेले असतात आणि मुलांच्या मनात तेच चित्र पक्कं होतं. ते पुसायचं तर आकार आणि अंतर एकाच मापात दाखवायला हवं. सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी सोपं माप: १ सेंटिमीटर म्हणजे १ लाख किलोमीटर. म्हणजे १ मीटरला १ कोटी किलोमीटर.

सूर्य म्हणजे पिवळ्या कार्डपेपरचा १४ सेंटिमीटर व्यासाचा गोल. तो काठीला चिकटवा. पृथ्वी आणि शुक्राला बारीक मोहरी, बुध आणि मंगळाला खसखशीतले सर्वांत बारीक दाणे, युरेनस आणि नेपच्यूनला मिरे. गुरूसाठी क्लेची १४ मिलिमीटरची गोळी वळा, शनीसाठी १२ मिलिमीटरची. शनीच्या कड्याचा बाहेरचा व्यास २७ मिलिमीटर ठेवा. सुटे दाणे मुलांच्या हातून हमखास सांडतात, खसखस तर वाऱ्याने उडते. म्हणून प्रत्येक ग्रह काळ्या कार्डावर चिकटवा. फेव्हिकॉल काडीच्या टोकाने, टिंबाएवढाच लावा. जास्त झाला तर दाणा त्यात बुडतो आणि वाळल्यावर ग्रह दुप्पट मोठा दिसतो.

आता अंतरं, सूर्यापासून मीटरमध्ये: बुध ६, शुक्र ११, पृथ्वी १५, मंगळ २३, गुरू ७८, शनी १४३, युरेनस २८७, नेपच्यून ४५०. दहा मीटर सुतळीला दर मीटरला गाठ मारा आणि तिनेच मोजा. मुलांच्या पावलांनी मोजू नका, पावलं लहानमोठी पडतात आणि गुरूपर्यंत जाताना चूक बरीच वाढते. बहुतेक मैदानं गुरूपाशीच संपतात. हरकत नाही, पुढच्या ग्रहांसाठी तेवढ्या अंतरावरचं देऊळ, दुकान, बसथांबा आधीच हेरून ठेवा.

पृथ्वीपाशी मात्र घाई करू नका. तिथून मुलांना सूर्याच्या कार्डाकडे बघायला सांगा, हात लांब करून करंगळीने ते झाकायला लावा. आकाशातला सूर्य आपल्याला एवढाच दिसतो. खऱ्या सूर्याकडे कुणीही बघायचं नाही, हे आधीच बजावून सांगा. पडताळा पौर्णिमेच्या चंद्रावर घ्या, तोही जवळपास तेवढाच दिसतो. मग एका मुलाला ‘प्रकाश’ करा. या मापात प्रकाशाचा वेग सेकंदाला फक्त ३ सेंटिमीटर, मुंगीच्या चालीएवढा. सूर्यापासून पृथ्वीपर्यंत यायला त्याला ८ मिनिटं २० सेकंद लागायला हवीत. मुलं अर्ध्या मिनिटातच कंटाळतात, पण तेवढ्यात मुद्दा पोचलेला असतो.

सगळे ग्रह एका ओळीत उभे राहिले की नवा गैरसमज तयार होतो. त्यामुळे शेवटी अंतर तेच ठेवून मुलांना वेगवेगळ्या दिशांना पांगवा. पृथ्वीची एक फेरी होईपर्यंत बुधाने चार फेऱ्या मारायच्या, कारण त्याचं वर्ष ८८ दिवसांचं.

‘मग तारे कुठे ठेवायचे?’ असं कुणीतरी विचारतंच. याच मापात सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा सुमारे ४,००० किलोमीटरवर येतो. सूर्य मुंबईच्या मैदानात असेल, तर तो तारा सिंगापूरच्या आसपास. उत्तर देताना पृथ्वीगोल हाताशी असू द्या.