सातबाऱ्यावर आपलं नाव लावून घेताना

ठिबकच्या अनुदानाचा अर्ज भरायला मी सेतूत गेले. तिथला पोरगा म्हणाला, "काकू, शेतकरी कुठंय?" शेतकरी वाळूजला कंपनीत दुसऱ्या पाळीवर होता. सरकी टोचण्यापासून वेचणीपर्यंत सगळं माझ्याकडं, सातबारा मात्र यांच्या नावावर. आमच्या गावात आता घरोघर हेच.

उपाय जुनाच आहे. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली, आणि 1992 साली सरकारचं परिपत्रक निघालं: नवऱ्यानं स्वतः अर्ज दिला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. खरेदीखत नाही, मुद्रांक शुल्क नाही.

खरं काम घरातलं. ‘हक्क’ हा शब्द पहिल्या दिवशी काढूच नका. सासूबाई लगेच "उद्या जमीन माहेरी नेशील" म्हणतात. मी खाडे मोजले. दर सहीला यांना सुट्टी टाकून यावं लागायचं, त्या दिवसाचा पगार बुडायचा. हंगामातले तीन खाडे कॅलेंडरवर दाखवले, तेव्हा कुठं मान हलली. जमीन दिरांशी सामायिक असेल तर आधी जमीन महसूल कायद्यातल्या कलम 85 ची वाटणी उरका, नाहीतर हरकत ठरलेली.

अर्ज तहसीलदारांच्या नावे, सही नवऱ्याची. सोबत सातबारा, आठ-अ (खातेउतारा), दोघांचं आधार, रेशनकार्ड, प्रतिज्ञापत्र. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. आदेश झाला की तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) फेरफार (नाव बदलाची नोंद) धरतात, हरकतीला 15 दिवस, मग मंडळ अधिकारी मंजूर करतात. ‘आपली चावडी’वर हे मोबाईलवर दिसतं, रोज चकरा नकोत.

फसगत होते ती पुढं. 15 रुपयांत डिजिटल सहीचा उतारा काढा आणि नाव कुठल्या रकान्यात आहे ते बघा. माझं आलं उजवीकडं, ‘कुळ, खंड व इतर अधिकार’मध्ये, सोसायटीच्या कर्जाच्या बोजाखाली. आम्ही तोवर पेढे वाटून मोकळे! नाव भोगवटादाराच्या, म्हणजे जमीनधारकाच्या रकान्यात, नवऱ्याच्या नावाखाली पाहिजे. त्याच कायद्याच्या कलम 155 खाली दुरुस्तीचा अर्ज दिला, नाव जागेवर आलं, पण ‘मंगल’चं ‘मंगला’ होऊन. आधारशी जुळेना, शेतकरी ओळख क्रमांक अडला. परत 155.

ठिबक अजून यायचंय.