फ्रीज बिघडायच्या आधीच कसं ओळखायचं आणि तो जास्त वर्षं कसा टिकवायचा

फ्रीजचं कूलिंग कमी झालं की मेकॅनिक येतो, मागे हात लावून बघतो आणि त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, गॅस संपलाय, भरावा लागेल. आता एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या, फ्रीजमधला गॅस सिलेंडरसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून गोल गोल फिरत असतो आणि कुठे लीक नसेल तर फ्रीज भंगारात जाईपर्यंत तोच गॅस चालतो. म्हणजे गॅस खरंच गेला असेल तर कुठेतरी भोक आहे, आणि ते न शोधता नुसता गॅस भरला की थोड्या दिवसांत परत येरे माझ्या मागल्या. बऱ्याचदा तर गॅसबिस काही गेलेला नसतो, दरवाज्याचं रबर सैल झालेलं असतं, मागची जाळी धुळीने भरलेली असते नाहीतर कॉम्प्रेसर सुरू करून देणारा छोटासा रिले गेलेला असतो. हे सगळं घरच्या घरी कळू शकतं.

आधी आपला फ्रीज चांगला चालू असताना कसा वागतो ते बघून ठेवा. रात्री स्वयंपाकघर शांत असतं तेव्हा कान द्या, साध्या कॉम्प्रेसरवाला फ्रीज थोडा वेळ चालतो, बंद होतो, परत चालू होतो. उन्हाळ्यात जास्त वेळ चालणार, ते नॉर्मल आहे, पण जानेवारीच्या थंडीतही थांबतच नसेल तर काहीतरी गडबड आहे. इन्व्हर्टर मॉडेल असेल तर मात्र हा नियम लावू नका, तो हळू स्पीडवर बराच वेळ चालतच राहतो, त्याला तसंच बनवलंय. तसंच नवीन फ्रीजच्या बाजू गरम लागतात म्हणून लोक घाबरून फोन करतात, पण जाळी मागे दिसत नसेल तर उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या बाजूच्या पत्र्याच्या आत असतात, त्यामुळे बाजू कोमट-गरम लागणारच.

टेंपरेचर मोजायला ग्लासभर पाणी मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी त्यात स्वयंपाकाचं थर्मामीटर बुडवा. ५ डिग्रीच्या आत पाहिजे, फ्रीझरमध्ये उणे १८ च्या आसपास. तापाचं थर्मामीटर इथे चालत नाही, ते इतकं खाली वाचतच नाही. थर्मामीटर नसेल तर दूध सांगतं, नेहमीचंच दूध एक दिवस आधी नासायला लागलं किंवा आईस्क्रीम चमच्याला मऊ लागायला लागलं की समजा कूलिंग घसरतंय, लाईट लागतोय म्हणजे फ्रीज ठीक आहे असं नसतं.

आता रबर. दहाची नोट दरवाज्यात अर्धी आत अर्धी बाहेर धरून दरवाजा लावा आणि नोट ओढा, थोडी अडकत अडकत आली पाहिजे, सरकन निघाली तर त्या जागी फट आहे. असं चारी बाजूंनी करायचं, बिजागरीच्या बाजूने पण, कारण तिकडे कोणी बघतच नाही. दुसरी टेस्ट म्हणजे रात्री मोबाईलचा टॉर्च लावून आत ठेवा, दरवाजा बंद करा, किचनची लाईट घालवा आणि कडेने उजेडाची रेघ दिसते का बघा. रबराच्या घड्या बोटाने उघडून बघितल्यात का कधी? वाळलेलं इडलीचं पीठ, मोरंब्याचा चिकट पाक, पावसाळ्यात काळी बुरशी, सगळं तिथे बसलेलं असतं आणि त्यामुळेच रबर नीट चिकटत नाही. कोमट साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश, बास. रॉकेल किंवा कडक केमिकल लावू नका, रबर कडक होतं. वाकलेलं असेल तर गरम पाण्यात पिळलेलं फडकं थोडा वेळ दाबून धरलं तरी पुष्कळदा आकार परत येतो, फाटलं असेल तर बदला, तो खर्च गॅस भरण्यापेक्षा खूप कमी आहे. आणि पुढचे पायाचे स्क्रू किंचित उंच ठेवा म्हणजे दरवाजा आपोआप मिटतो.

फ्रीज लवकर मरायचं सगळ्यात मोठं कारण माझ्या मते मॉड्युलर किचन आहे. सुताराने बरोबर फ्रीजच्या मापाचा कप्पा करून दिला, फोटोत छान दिसतं, पण आतली उष्णता बाहेर जाणार कुठून? मागे आणि बाजूला किती जागा सोडायची ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, ते सुताराला आधी दाखवा. दुसरी आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे खिशांचं शोभेचं कव्हर, जे दोन्ही बाजूंनी लोंबतं आणि नेमकं गरम होणाऱ्या पत्र्यावरच पांघरूण घालतं. काढून टाका ते. शेगडीला खेटून आणि उन्हाच्या खिडकीजवळही फ्रीज नको. मागे काळी जाळी असेल तर प्लग काढून मऊ ब्रशने वर्षातून दोनदा धूळ झाडायची, दिवाळीची साफसफाई होतेच, तेव्हा एकदा आणि उन्हाळ्याच्या तोंडावर एकदा.

बर्फाचं वेगळं आहे. सिंगल डोअर, साधा फ्रीज असेल तर फ्रीझरमध्ये बर्फ ५-६ मिलिमीटर झाला की डिफ्रॉस्टचं बटण दाबा, डोंगर होईपर्यंत थांबू नका, बर्फाचा थर जाड झाला की थंडावा बाहेर येत नाही आणि कॉम्प्रेसर उगाच पळत राहतो. आणि काहीही झालं तरी सुरी, उलथनं, स्क्रू ड्रायव्हर घालू नका. फ्रीझरच्या त्या पातळ पत्र्यातच गॅसच्या वाटा असतात, टोक लागलं की सुस्स आवाज येतो आणि चांगला फ्रीज एका सेकंदात मोठ्या खर्चात जातो. घाई असेल तर प्लग काढा, गरम पाण्याचं पातेलं आत ठेवा आणि दरवाजा उघडा ठेवा, बर्फ स्वतःच सुटतो.

डबल डोअर फ्रॉस्ट फ्रीमध्ये बर्फ दिसायलाच नको. वर फ्रीझर मस्त थंड आणि खाली भाजी कोमट, असं झालं तर बहुधा मागच्या पॅनलच्या आत बर्फ साचून हवेची वाट बंद झालेली असते नाहीतर फॅन गेलेला असतो. एक सोपी टेस्ट करा, सामान काढून फ्रीज पूर्ण दिवसभर बंद आणि दरवाजे उघडे ठेवा, मग चालू करा. काही दिवस झकास चालून परत तेच झालं तर डिफ्रॉस्टचा हीटर, सेन्सर किंवा टायमर बघायचा, गॅस नाही. मेकॅनिकला हे असंच्या असं सांगा, तो गॅसचं नाव काढणार नाही.

खरंच गॅस लीक असेल तर खुणा वेगळ्या असतात. साध्या फ्रीजमध्ये फ्रीझरच्या एकाच कोपऱ्यात हिम धरतं आणि बाकी पत्रा कोरडा, कॉम्प्रेसर थांबतच नाही आणि तरी मागची जाळी जेमतेम कोमट. तेव्हा तीन प्रश्न विचारा, लीक कुठे सापडला, फिल्टर नवीन टाकणार का, आणि गॅस भरण्याआधी व्हॅक्युम करणार का, म्हणजे नळ्यांमधली हवा आणि ओल पंपाने खेचून काढणार का. या तीनला उत्तर नसेल तर दुसरा माणूस बघा. स्टिकरवर आर ६००ए लिहिलं असेल तर तो आयसोब्युटेन आहे, म्हणजे पेट घेणारा गॅस, तिथे ट्रेनिंग घेतलेलाच माणूस पाहिजे आणि खिडक्या उघड्या पाहिजेत.

फ्रीज टक् करतो, काही सेकंद घूं घूं करतो, परत टक् करून गप्प बसतो आणि थोड्या मिनिटांनी परत तेच, हा आवाज ऐकला की लगेच प्लग काढा. कॉम्प्रेसर सुरू व्हायचा प्रयत्न करतोय आणि त्याला जमत नाहीये. लगेच कॉम्प्रेसर गेला असं धरून चालू नका, आधी व्होल्टेज बघा, मग रिले आणि कपॅसिटर तपासायला सांगा, काही रिले काढून हलवला की आत तुकडा खुळखुळतो, तो गेलेला समजायचा. आपल्याकडे २३० व्होल्टच्या वरखाली १० टक्के चालतं, म्हणजे साधारण २०७ ते २५३, पण गावाकडे शेतीपंप चालू झाले की व्होल्टेज कुठे जातं ते गाववाल्यांना सांगायला नको. नवीन मॉडेलवर स्टॅबिलायझरशिवाय चालण्याची रेंज लिहिलेली असते, आपल्याकडचं व्होल्टेज त्यात बसत नसेल तर स्टॅबिलायझर घ्याच, आणि टाइम डिलेवालाच घ्या, म्हणजे लाईट आल्यावर थोडं थांबून मग फ्रीज चालू करणारा. लाईट गेली-आली, गेली-आली असा खेळ चालू असेल तर फ्रीजचं बटण बंद करून ठेवा आणि लाईट टिकली की ५ मिनिटांनी लावा, तेवढ्यात आतलं प्रेशर सारखं होतं आणि कॉम्प्रेसरला जोर लागत नाही.

भाजीच्या ट्रेखाली पाणी साचत असेल तर मागच्या भिंतीतलं ड्रेनचं छोटं भोक तुंबलंय, तिथे हमखास कोथिंबिरीची काडी सापडते, प्लास्टिकची स्ट्रॉ आणि सिरिंजने कोमट पाणी, काम झालं. ते पाणी मागे कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये जातं, ती ट्रे पावसाळ्यात दर आठवड्याला ओतून पुसा कारण डेंग्यूचे डास तिथेच अंडी घालतात. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात दरवाज्यावर बाहेरून घाम येतो, तो पुसून टाका, त्यासाठी मेकॅनिक नको. हँडलला करंट लागला तर मात्र वापर तिथल्या तिथे बंद, इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि फ्रीज एक्स्टेन्शन बोर्डवर कधीच चालवू नका.

ताक, लोणचं, आमटी झाकूनच ठेवा, वाफेने बर्फ वाढतो आणि आंबट वाफ आतल्या धातूला खाते. गरम पातेलं आत टाकू नका. महिनाभर गावाला जाणार असाल तर रिकामा करून, पुसून, प्लग काढून दरवाजा थोडा उघडा ठेवा नाहीतर परत आल्यावर वास जाता जात नाही. शिफ्टिंगमध्ये उभाच न्या, आडवा न्यावाच लागला तर नवीन घरी काही तास उभा ठेवून मगच चालू करा, कॉम्प्रेसरचं तेल परत जागेवर बसू द्या.

कॉम्प्रेसरची १० वर्षं वॉरंटी असं स्टिकर बघून निवांत राहू नका, त्यात बहुतेक वेळा फक्त कॉम्प्रेसर येतो, गॅस आणि मजुरीचे पैसे आपले. बिल जपून ठेवा, त्याचा मोबाईलवर फोटो काढा कारण ते कागद वर्षभरात पांढरे होतात. कंपनी दाद देत नसेल तर ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार टाका. आणि मेकॅनिकने कुठलाही पार्ट बदलला की जुना पार्ट मागून घ्या, कारण बऱ्याचदा पार्ट बदलायची गरजच नसते.