छोट्या बुकशेल्फ स्पीकरना सबवूफर जोडताना क्रॉसओव्हर किती ठेवावा?

क्रॉसओव्हर म्हणजे ती सीमा, जिच्या खालचा बास सबवूफर वाजवतो आणि वरचा आवाज स्पीकर. चार-पाच इंची वूफरच्या (बास वाजवणाऱ्या भागाच्या) स्पीकरकडून ४० हर्ट्झची, म्हणजे अगदी खोल बासची अपेक्षा ठेवू नका. माहितीपत्रकात खालची मर्यादा ६५ हर्ट्झ दिली असेल, तर क्रॉसओव्हर ९०-१०० च्या आसपास ठेवा. ६५ ला स्पीकरचा आवाज आधीच उतरू लागलेला असतो. सगळीकडे सांगितला जाणारा ८० हा आकडा चांगलाच आहे, पण तीन इंची स्पीकरला १२० सुद्धा लागू शकतात. मात्र १०० च्या वर गेलात की बास कुठून येतोय हे कानाला कळू लागतं, म्हणून सबवूफर समोरच्या स्पीकरजवळच ठेवा.

रिसीव्हर (स्पीकर चालवणारा अ‍ॅम्प्लिफायर) असेल तर त्यात स्पीकर 'स्मॉल' निवडा, म्हणजे खालचा बास सबवूफरकडे जाईल, आणि सबवूफरवरचा क्रॉसओव्हरचा नॉब पूर्ण वर फिरवा. हे फार जण विसरतात. मग रिसीव्हरचा आणि सबवूफरचा असे दोन फिल्टर एकावर एक लागतात आणि मधला बास पोकळ होतो.

सबवूफरवरची फेज (त्याच्या ध्वनिलहरी स्पीकरच्या लहरींशी जुळवणारी सेटिंग) ० आणि १८० अशी दोन्ही करून, बसायच्या जागेवरूनच ऐका. बास जिथे भरीव लागेल ती ठेवा.

तपासायला तबला उत्तम. डग्ग्याची घुमक आणि तबल्याची चाट एकाच जागेहून यायला हवी. डग्गा वेगळा पडला तर क्रॉसओव्हर १० हर्ट्झने खाली आणा.